उबंटूवर गव्हर्नर ‘पॉवरसेव्ह’ दिसतो म्हणून लॅपटॉप स्लो आहे का? ‘परफॉर्मन्स’ करून ठेवू का?

तुमचा प्रश्न वाचला. इंटेलचा आठव्या पिढीचा आय-फाइव्ह लॅपटॉप, त्यावर उबंटू (लिनक्सचाच एक प्रकार), गव्हर्नर, म्हणजे प्रोसेसरचा वेग कसा ठरवायचा ती सेटिंग, बघितला तर पॉवरसेव्ह, कुठंतरी वाचून परफॉर्मन्स केला तर फॅन ओरडायलाय, बॅटरी दीड तासात संपायलीय, आणि चार-पाच मिनिटं बरा चालून परत मंद व्हायलाय. तर आधी सरळ सांगतो, परफॉर्मन्स काढा आणि पॉवरसेव्ह परत ठेवा. तुमच्या मशीनवर पॉवरसेव्हचा अर्थ तुम्ही समजलात तो नाहीये.

(मी मोबाईलवर मराठी कीबोर्डनं लिहायलोय, त्यामुळं फायली आणि कमांडांची नावं देवनागरीतच आलीत, टाईप करताना इंग्रजीत करा.)

मी परभणीत एका कॉलेजच्या कम्प्युटर लॅबला असतो, लॅबमधी सगळं लिनक्सच आहे, आणि हा प्रश्न दरवर्षी एप्रिल-मे मधी कुणीतरी विचारतंच. त्या टायमाला इकडं पारा बेचाळीसच्या वर असतो, त्यात दुपारची लाईट गेलेली, म्हणजे बॅटरी पण पाहिजे आणि गार पण पाहिजे. तुम्ही लातूरला हॉस्टेलवर आहात म्हणताय, तिथं पण काय वेगळं नसणार.

नावाचा घोळ असा आहे. लिनक्सच्या कर्नलमधी, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यात, सीपीयूफ्रेक नावाचा भाग आहे, प्रोसेसर किती मेगाहर्ट्झवर पळवायचा ते बघणारा. त्यात पॉवरसेव्ह नावाचा जुना गव्हर्नर आहे, तो खरंच प्रोसेसरला सगळ्यात खालच्या वेगावर बांधून ठेवतो, तुम्ही काहीपण करा वर येऊ देत नाही. पण इंटेलसाठी २०१३ ला कर्नल ३.९ मधी इंटेल पी-स्टेट नावाचा वेगळा ड्रायव्हर आला आणि त्यानं दोनच पर्याय ठेवले, परफॉर्मन्स आणि पॉवरसेव्ह. त्याच्यातला पॉवरसेव्ह कामाप्रमाणं वेग वर-खाली करतो, टर्बोपर्यंत, म्हणजे गरजेपुरत्या मिळणाऱ्या जादा वेगापर्यंत सुद्धा जातो. नाव एकच, काम पार वेगळं. असं नाव कुणाच्या डोक्यातून निघालं माहीत नाही पण त्यानं लोकांचे लई तास खाल्लेत, माझे पण.

म्हणून गव्हर्नरच्या आधी ड्रायव्हर बघायचा. सिस फोल्डरात डिव्हायसेस, सिस्टीम, सीपीयू, मंग सीपीयू शून्य, त्यात सीपीयूफ्रेक, तिथं स्केलिंग ड्रायव्हर नावाची फाईल आहे ती कॅट कमांडनं वाचा. इंटेल पी-स्टेट आलं तर पॉवरसेव्ह बिनधास्त ठेवा. इंटेल सीपीयूफ्रेक असं आलं तर सावध, कारण २०२० ला कर्नल ५.७ पासून जुन्या प्रोसेसरवर हा ड्रायव्हर आपोआप पॅसिव्ह मोडमधी जातो, म्हणजे सीपीयूफ्रेकच्या साध्या गव्हर्नरांचं ऐकतो, आणि तिथं पॉवरसेव्ह म्हणजे खरोखरचा बांधून ठेवणारा, तिथं स्केड-युटिल नावाचा गव्हर्नर पाहिजे (त्याचं पुढं सांगतो). आमच्या लॅबला चौथ्या पिढीची मशीनं आहेत, कर्नल अपडेट केल्यावर एका पोरानं हौसेनं पॉवरसेव्ह टाकला आणि ब्राउझर उघडायला चहा पिऊन यावं लागायलं. तुमचं आठव्या पिढीचं आहे, त्यात वेग ठरवायचं काम प्रोसेसर स्वतःच करतो, त्यामुळं तुमच्याकडं बहुतेक पहिलंच नाव येईल.

स्वतःच करतो म्हणजे कसं, ते कळायला आधीचं बघू. पूर्वी कर्नल ठराविक वेळानं बघायचा की सीपीयू किती बिझी आहे, जास्त असला की वेग एकदम वर. ऑनडिमांड म्हणतात तो हाच. पण टायमरनं बघणारा माणूस उशिराच बघतो. मंग २०१६ ला कर्नल ४.७ मधी स्केड-युटिल आला, त्यानं म्हणलं की शेड्युलरला (कोणतं काम कधी चालवायचं ते ठरवणारा कर्नलचा भाग) आधीच माहीत असतं कोणतं काम किती जड आहे, तर त्यालाच विचारू. शेड्युलर प्रत्येक कामाचा चालू हिशोब ठेवतो, जुनं काम हळूहळू विसरत, म्हणजे ३२ मिलिसेकंदापूर्वीच्या कामाला आत्ताच्या कामापेक्षा निम्मीच किंमत. आलेल्या भाराला सव्वानं गुणायचं आणि तेवढा वेग मागायचा. म्हणजे सीपीयू ४० टक्के भरला असेल तर अर्धा वेग, ८० टक्क्याला पूर्ण वेग. हा सव्वापट म्हणजे हाताशी ठेवलेली थोडी मोकळी जागा, अचानक काम आलं तर अडायला नको म्हणून. तुमच्या हातातल्या अँड्रॉइड फोनमधी पण साधारण हाच प्रकार चालतो.

तुमच्या लॅपटॉपात मात्र २०१५ च्या सहाव्या पिढीपासून आलेली सोय आहे, स्पीड शिफ्ट. त्यात कर्नल फक्त खालची हद्द, वरची हद्द आणि कल कुठं ठेवायचा तेवढं सांगतो, बाकी प्रोसेसर बघतो. तहसीलला अर्ज द्यावा तसं, अर्ज आपला, मंजुरी साहेबाची. परफॉर्मन्स गव्हर्नर लावला की तो कल पार वेगाच्या टोकाला जाऊन बसतो आणि मंग तो बदलता पण येत नाही, म्हणून तुमचा फॅन ओरडायलाय.

तो कल ठरवायची फाईल त्याच फोल्डरात आहे, एनर्जी परफॉर्मन्स प्रेफरन्स. त्यात परफॉर्मन्स, बॅलन्स परफॉर्मन्स, बॅलन्स पॉवर, पॉवर असे शब्द चालतात. चार्जरवर बॅलन्स परफॉर्मन्स, बॅटरीवर बॅलन्स पॉवर, मी हेच ठेवतो. हातानं नको असलं तर सेटिंगमधी पॉवर मोडचे तीन पर्याय दिसतात ते हेच बदलतात. फक्त एक करा, टीएलपी नावाचा बॅटरी वाचवायचा प्रोग्राम टाकला असेल तर पॉवर प्रोफाइल्स डेमन (सेटिंगमधल्या पॉवर मोडच्या मागं चालणारा प्रोग्राम) सोबत ठेवू नका, दोघं एकाच फायलीत आलटून पालटून लिहीत बसतात आणि तुम्हाला वाटतं लॅपटॉपला भूत लागलंय.

आता बॅटरी का संपती हे समजून घ्या, कारण यात शाळेतलं गणितच आहे. चिपची वीज ही व्होल्टेजच्या वर्गाला वेगानं गुणून येते. वेग वाढवायचा तर व्होल्टेज पण वाढवावं लागतं. समजा वेग दुप्पट केला आणि त्यासाठी व्होल्टेज ०.८ वरून १.२ करावं लागलं, तर दीडचा वर्ग सव्वादोन, गुणिले दोन, साडेचारपट वीज. काम निम्म्या वेळात संपलं तरी एकूण खर्च सव्वादोनपट. मोटरसायकल पन्नासनं गेली तर ॲव्हरेज देते आणि ऐंशीनं गेली तर पेट्रोल पिते, तसंच.

मंग कायम हळूच चालवावं का? तर तसं पण नाही. कापूस वेचायला मजूर नेलेली टमटम बांधावर इंजिन चालू ठेवून उभी आहे असं धरा. माणसं रोजानं निवांत वेचायला लागली तर टमटमचं डिझेल दिवसभर जळणार, तेच काम उक्तं दिलं तर दुपारी दोनलाच संपवून सगळे घरी, टमटम पण बंद. लॅपटॉपमधी ही टमटम म्हणजे जागं असताना लागणारी वरची वीज, चिपमधून नुसतीच गळणारी, मेमरीची वगैरे. म्हणून दोन्हीच्या मधला वेग सगळ्यात स्वस्त पडतो, एकदम खालचा नाही आणि एकदम वरचा तर नाहीच.

आणि खरी बचत झोपण्यात आहे. काम नसलं की कर्नलचा सीपीयूआयडल भाग कोअरला (प्रोसेसरमधल्या काम करणाऱ्या एकेका भागाला) झोपवतो, सी-वन म्हणजे डुलकी, सी-सिक्स म्हणजे गाढ झोप, त्यात कोअरची वीज जवळजवळ तोडूनच टाकतात. गाढ झोपेतून उठायला वेळ लागतो आणि उठवायला पण वीज लागते, म्हणून पुढचं काम किती वेळानं येईल याचा अंदाज बांधून किती गाढ झोपवायचं ते ठरतं. २००७ च्या आधी तर गंमतच होती, काही काम नसलं तरी कर्नलचा ठोका सेकंदाला २५० किंवा १००० वेळा पडायचा आणि प्रोसेसरला उठवायचा. कर्नल २.६.२१ पासून रिकाम्या कोअरवरचा तो ठोका बंद झाला. पण आज तेच काम ब्राउझरच्या टॅबा करतात, चाळीस टॅबा उघड्या, प्रत्येक टॅब हलवून हलवून उठवायली. पॉवरटॉप नावाचा प्रोग्राम टाका आणि बघा कोण सेकंदाला किती वेळा उठवायलंय, तुमच्या बॅटरीचा अर्धा चोर तिथंच सापडेल. दुसरा चोर स्क्रीनचा ब्राइटनेस.

राहिलं ते चार-पाच मिनिटांनी मंद होणं. हे गव्हर्नरचं काम नाही, हे गरम झाल्यामुळं आहे असं मला तरी वाटायलंय. टर्बोस्टॅट म्हणून कमांड आहे, सुडोनं (अ‍ॅडमिनच्या अधिकारानं) चालवा आणि काम चालू असताना मेगाहर्ट्झ, तापमान आणि वॅट हे तीन रकाने बघा. तापमान नव्वदीच्या पुढं जाऊन मेगाहर्ट्झ खाली यायले असतील तर लॅपटॉप उघडून धूळ साफ करून घ्या, प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बदला, आमच्याकडं लॅबच्या मशीनमधून दरवर्षी मूठमूठ धूळ निघते. उन्हाळ्यापुरतं टर्बो बंद केलं तरी चालतं, इंटेल पी-स्टेटच्या फोल्डरात नो टर्बो फाईल आहे तिच्यात १ लिहा. मी मे महिन्यात तसंच ठेवतो, अभ्यासाला आणि कोडिंगला काही फरक कळत नाही पण मांडी भाजायची थांबते.

पण तापमान पंचेचाळीस-पन्नासच असेल आणि तरी वेग ८०० मेगाहर्ट्झला चिकटलेला असेल तर माझी गोष्ट ऐका. दोन वर्षांपूर्वी माझा लॅपटॉप असाच अडकला. मी गव्हर्नर बदलले, कर्नल बदलला, उबंटू काढून डेबियन हे दुसरं लिनक्स टाकलं, रिपेअरवाल्याकडं नेला तर तो म्हणला मदरबोर्ड गेलाय, आठ हजार लागतील. मी गप घरी आलो. मंग एके दिवशी लाईट गेली, मी चार्जर काढून बॅटरीवर काम करायलो आणि लॅपटॉप एकदम पळायला लागला, सव्वातीन हजारावर! लाईट आली, चार्जर लावला, परत ८००. तवा डोक्यात उजेड पडला. काही कंपन्यांच्या चार्जरच्या पिनीत मधी एक बारीक तार असते, त्या तारेवरून लॅपटॉप ओळखतो की चार्जर किती वॅटचा आहे. ती तार तुटली होती. चार्जर ओळखू आला नाही की असल्या लॅपटॉपचा बोर्ड प्रोसेसरला बाहेरूनच ‘गरम झालंय’ अशी खोटी बोंब मारतो आणि प्रोसेसर ती खरी मानून बसतो. कर्नल बिचारा वर वर मागतच असतो, मंजुरी येतच नाही. नवीन चार्जर चौदाशेला आला आणि काम झालं.

म्हणून एक पाच मिनिटांचं काम करा, चार्जर काढून आणि लावून दोन्ही वेळा टर्बोस्टॅट चालवा, ड्रायव्हरचं नाव आणि ते तीन रकाने खाली कमेंटमधी टाका. चार्जर हॉस्टेलमधल्या मित्राचा वापरायला असाल तर त्याचे वॅट पण लिहा.