दंडावर नगरपरिषदेचा अधिभार: हेतू चांगला, अधिकार कुठे आहे?

एका नगरपरिषद सदस्यांचं पत्र आहे. शाळेसमोरच्या हमरस्त्यावर मुलांना वाहनांची धडक बसण्याचे प्रकार वाढले, तेव्हा त्यांच्या सर्वसाधारण सभेनं एकमतानं ठराव केला. वाहतूक पोलिसांनी केलेल्या प्रत्येक दंडावर शंभर रुपये ‘रस्ता सुरक्षा अधिभार’ घ्यायचा आणि त्या पैशातून झेब्रा पट्टे, दिवे, कठडे आणि शाळांमधलं प्रशिक्षण करायचं. पावती पुस्तकं छापली, चौकात पोलिसांशेजारी कर्मचारी बसवला आणि वसुली सुरू झाली. मग एका वाहनमालकानं तक्रार केली. जिल्हाधिकाऱ्यांनी ठरावाला स्थगिती देऊन खुलासा मागितला, तो अजून दिलेला नाही. सदस्य विचारतात, एक पैसाही कुणाच्या खिशात गेलेला नाही, मग उच्च न्यायालयात जाऊन ठराव वाचवता येईल का?

दंडाचा पैसा त्याच रस्त्यावर का खर्च होत नाही, हा प्रश्न मला इतक्या पत्रांतून येतो की त्यामागची तळमळ मला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. पण ठराव टिकेल का, हे तळमळीवर ठरत नाही. ते मोटार वाहन कायद्याच्या कलम २१०-अ वर ठरतं. हे कलम २०१९ च्या दुरुस्तीनं आलं. तुमच्या ठरावात त्याचाच हवाला दिला आहे. ‘कायद्यानं दंड दहापट करण्याची मुभा दिली आहे, आम्ही तर फक्त शंभर रुपये मागतो,’ असा त्याचा सूर आहे. ते कलम ठराव लिहिणाऱ्यानं शेवटपर्यंत वाचलेलं नाही. दंडाला एक ते दहा यांच्या दरम्यानचा गुणक लावण्याचा अधिकार त्यात राज्य सरकारला आहे, तोही राजपत्रात अधिसूचना काढून आणि केंद्राच्या अटींना अधीन राहून. नगरपरिषद, महानगरपालिका, जिल्हा परिषद यांचं नावही तिथे नाही. जो अधिकार तुमच्याकडे नव्हताच, तो एकमतानं वापरला म्हणून तुमचा होत नाही.

समजा, उद्या राज्य सरकारनं गुणक लावला, तरी वाढीव रक्कम तुमच्या गावाला आपोआप मिळणार नाही. ती रक्कम दंडच राहते, आणि संविधानाच्या अनुच्छेद २६६ प्रमाणे राज्याच्या एकत्रित निधीत, म्हणजे सरकारच्या मुख्य खात्यात जाते. तिथून विनियोजनाच्या, म्हणजे विधिमंडळानं खर्चाला मंजुरी देणाऱ्या, कायद्याशिवाय रुपयाही बाहेर येत नाही. संसदेला दंड एखाद्या ठरावीक निधीकडे वळवायचा असतो, तेव्हा ती तसं लिहिते. त्याच दुरुस्तीतलं कलम १९८-अ पाहा. रस्त्याच्या सदोष रचनेमुळे किंवा देखभालीअभावी मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला किंवा कंत्राटदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि तो कलम १६४-ब खालच्या मोटार वाहन अपघात निधीत भरायचा आहे. २१०-अ मध्ये असं एकही वाक्य नाही. हे मौन न्यायालय तुमच्या बाजूनं भरून काढेल, अशी आशा धरू नका.

वसुलीची पद्धत तर याहून वाईट आहे. कलम २०० खाली गुन्ह्याची तडजोड होते, म्हणजे खटला न चालवता पैसे भरून प्रकरण मिटतं, ते राज्य सरकारनं अधिसूचित केलेल्या रकमेवर, आणि हे तडजोड शुल्क भरल्यावर त्या गुन्ह्याबद्दल पुढची कारवाई सामान्यतः थांबते. वाहनचालकानं ती रक्कम भरली, आणि शेजारच्या खुर्चीवरून तुमच्या कर्मचाऱ्यानं आणखी शंभर मागितले. गणवेशातला पोलीस बाजूला उभा असताना ते स्वेच्छेनं दिले, असं कुणाला पटवून द्याल? चुकून किंवा दबावाखाली दिलेला पैसा परत करण्याचं बंधन भारतीय करार कायद्याच्या कलम ७२ मध्ये आहे, आणि इथे प्रत्येक पावती हा तुमच्याच शिक्क्याचा पुरावा आहे. सदस्यांवर किंवा मुख्याधिकाऱ्यांवर वैयक्तिक जबाबदारी येईल का, हे ठरावाची टिपणी, मुख्याधिकाऱ्यांचा अभिप्राय आणि लेखापरीक्षणाचे शेरे पाहिल्याशिवाय मी सांगणार नाही. एवढं मात्र विचारतो: पावत्या छापायला टाकण्याआधी विधी सल्लागाराकडे एक पान पाठवायला काय हरकत होती? नगरपरिषदेचे वकील अशाच कामासाठी असतात.

आता उच्च न्यायालयाबद्दल. बेकायदेशीर ठरावाची अंमलबजावणी थांबवण्याचा अधिकार महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम, १९६५ च्या कलम ३०८ नं जिल्हाधिकाऱ्यांना दिलेला आहे. खुलासा न देता थेट रिट याचिका केलीत, तर पहिलाच प्रश्न येईल की तुमचं म्हणणं तुम्ही तिथे का मांडलं नाही. आणि याचिका दाखल करून घेतली तरी ती कधी निकाली निघेल याची खात्री कुणीही देऊ शकत नाही. तारखांमागून तारखा पडत राहतील, जमा रक्कम अडकून राहील, वकिलाचं शुल्क नगरपरिषदेच्या तिजोरीतून जाईल आणि शाळेसमोरचा रस्ता आहे तसाच राहील. या ठरावासाठी मी तो खटला लढवणार नाही.

खुलासा याच आठवड्यात द्या. मुदत उलटली असेल तर उशीर माफ करण्याची विनंती त्याच पत्रात करा. वसुली थांबवल्याचं, रक्कम वेगळ्या खात्यात ठेवल्याचं आणि पावतीधारकांना ती परत करणार असल्याचं स्पष्ट लिहा. ठरावाचं समर्थन करत बसू नका. पुढच्या सभेत तो रीतसर मागे घ्या.

राहिला मूळ प्रश्न, आणि तो मला तुमच्या ठरावापेक्षा महत्त्वाचा वाटतो. दंडातला हिस्सा रस्ता सुरक्षेला देण्याची कल्पना अजिबात चुकीची नाही. केरळनं २००७ साली रस्ता सुरक्षा प्राधिकरणाचा स्वतंत्र कायदा करून तडजोड शुल्कातला हिस्सा निधीकडे वळवण्याची सोय केली. ते काम विधिमंडळानं केलं, म्हणून ते टिकतं. सर्वोच्च न्यायालयानंही रस्ता सुरक्षेबद्दलच्या एस. राजशेखरन प्रकरणात ३० नोव्हेंबर २०१७ रोजी राज्यांना रस्ता सुरक्षा निधी आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समित्या स्थापन करायला सांगितलं. या निकालामुळे तुमच्या नगरपरिषदेला निधीवर थेट हक्क मिळतो, असं मी म्हणणार नाही, कारण आदेश राज्यांना आहे. पण समितीसमोर जाण्याचा मार्ग खुला आहे, आणि तुम्हाला स्थगिती देणारे जिल्हाधिकारीच तिचे अध्यक्ष आहेत.

तिथे भाषण घेऊन जाऊ नका. शाळेसमोरच्या अपघातांची पोलीस ठाण्यातली नोंद, रस्ता कुणाच्या ताब्यात आहे याचा कागद आणि कामाचं अंदाजपत्रक घेऊन जा. रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा किंवा राष्ट्रीय महामार्गाचा असेल, तर कठडे आणि पट्टे हे त्यांचं काम आहे, आणि कलम १९८-अ ची आठवण त्यांना लेखी करून द्या. रस्ता नगरपरिषदेचा असेल, तर दिवे आणि रस्त्याची देखभाल ही १९६५ च्या कायद्याच्या कलम ४९ खालची तुमची स्वतःची जबाबदारी आहे. त्यासाठी दंडाच्या पैशाची वाट पाहायची गरज नव्हती. येत्या अंदाजपत्रकात तरतूद करा. कमी पडेल तेवढ्यापुरती राज्याकडे अनुदानाची मागणी करा. अनुच्छेद २४३-एक्स मध्ये एकत्रित निधीतून नगरपालिकांना सहायक अनुदान देण्याची तरतूद विधिमंडळाला करता येते.

सोबत माहिती अधिकारात एक अर्ज करा, शुल्क दहा रुपये. तुमच्या हद्दीत गेल्या तीन आर्थिक वर्षांत किती तडजोड शुल्क जमा झालं आणि ते सरकारी हिशेबाच्या कोणत्या लेखाशीर्षाखाली गेलं, एवढंच विचारा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील करायला पुढचे तीस दिवस असतात. खुलाशाला उशीर केलात, ही मुदत हुकवू नका.