जुन्या गाडीच्या लोअर आर्मचा (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचा) नट निघाला, पण बोल्ट बाहेर येत नाही. काय करावे?

बहुतेक वेळा गंज आट्यांत नसतो. बोल्ट बुशच्या (आर्मच्या टोकातल्या रबरी गादीच्या) आतल्या लोखंडी नळीला चिकटलेला असतो. पाना फिरवल्यावर डोके थोडे फिरून स्प्रिंगसारखे मागे येत असेल, तर फक्त रबर पिळतंय, हे नक्की. आधी गाडी जॅक स्टँडवर भक्कम ठेवा. नुसत्या जॅकवर कधीच नको. गंज सोडवणारे तेल मारून रात्रभर राहू द्या. नट आट्यांच्या टोकाशी परत चढवून मगच ठोका, म्हणजे आटे वाचतील. गॅस टॉर्चने तापवणे मी टाळतो, रबर पेटते. तरीही हलत नसेल तर बुश आणि त्याला धरणाऱ्या ब्रॅकेटच्या मधून दोन्ही बाजूंनी बोल्ट कापा. बुश व बोल्ट नवे घाला. शेवटचे आवळणे गाडी चाकांवर उभी असतानाच.