टनेल लावला की फाईल रखडते, मग प्लॅन वाढवायचा का?

प्रश्न : नमस्कार सर, कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आमचं मशिन शॉप आहे आणि धाकटा भाऊ पुण्यात भोसरीत बसून ड्रॉइंग करतो. दोघांना एकाच सर्व्हरवरच्या फाईली मिळाव्यात म्हणून दुकानातल्या राऊटरवर ओपनव्हीपीएन (इंटरनेटमधूनच दोन जागा जोडणारा बंदिस्त खासगी रस्ता, म्हणजे टनेल) चालू करून घेतलंय, टीसीपी ४४३ वर (टीसीपी ही डेटा पाठवायची पद्धत, ४४३ हा पोर्ट म्हणजे दाराचा नंबर), कारण सेट करून देणारा म्हणाला हा पोर्ट कुठं अडत नाही. दोन्हीकडं १०० एमबीपीएसचं फायबर, स्पीड टेस्ट पूर्ण येते, पिंग (निरोप जाऊन परत यायचा वेळ) १५ मिलिसेकंद. पण टनेलमधून ३०० एमबीची असेंब्ली फाईल यायला पाच मिनिटं जातात. नेटवाला म्हणतोय ३०० एमबीपीएसचा प्लॅन घ्या. घेऊ का?

उत्तर : नका घेऊ दादा, आत्ता तरी अजिबात नको. ३०० एमबी म्हणजे २४०० मेगाबिट, त्याला पाच मिनिटं म्हणजे साधारण ८ एमबीपीएस, तुमच्या लाइनीचा दहावा हिस्सा पण वापरला जात नाहीय, मग लाइन तिप्पट करून काय मिळणार? माझ्या ओळखीतल्या एकानं असाच दोनदा प्लॅन वाढवला होता आणि दोष निघाला राऊटरच्या प्रोसेसरमध्ये, त्यामुळं हे जरा कळकळीनं सांगतोय.

तुमचा पण पहिला संशयित राऊटरच. टनेलमधून जाणारं प्रत्येक पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) त्याला एन्क्रिप्ट करायला, म्हणजे गुप्त कोडात बदलायला लागतं आणि घरगुती राऊटरमध्ये बहुतेक वेळा एईएस या एन्क्रिप्शनच्या पद्धतीसाठी वेगळं हार्डवेअर नसतं, सगळा भार साध्या प्रोसेसरवर. फाईल कॉपी चालू असताना राऊटरच्या सेटिंगच्या पानावर सीपीयू, म्हणजे प्रोसेसरचा वापर किती दाखवतोय बघा. यात एक फसवणारी गोष्ट आहे, ओपनव्हीपीएन साधारणपणे प्रोसेसरच्या एकाच कोअरवर (एका भागावर) चालतं, त्यामुळं चार कोअरच्या राऊटरवर २५ टक्के दिसलं तरी तो एक कोअर पार भरलेला असू शकतो, आणि आपण म्हणतो राऊटर तर निवांत हाय.

दुसरं म्हणजे तो टीसीपी ४४३. पोर्ट अडत नाही हे खरं, पण आत फाईल कॉपी पण टीसीपीच आणि बाहेर टनेल पण टीसीपी, म्हणजे वाटेत एक पॅकेट हरवलं की बाहेरचा परत पाठवतो आणि आतला वाट बघून बघून तो पण परत पाठवतो, एकाच ऑर्डरचं दोनदा डिस्पॅच झाल्यासारखं, आणि लाइन थोडी जरी खराब असली तरी वेग लय पडतो. यूडीपी ११९४ वर बदलून घ्या, यूडीपी ही पद्धत हरवलेलं पॅकेट स्वतः परत पाठवत बसत नाही, फुकटचं काम आहे.

अंतराचा दोष मात्र इथं नाही. ६४ केबीची जुनी टीसीपी विंडो (पोच येईपर्यंत एका वेळी पाठवता येणारा डेटा) धरली तरी १५ मिलिसेकंदाला ३५ एमबीपीएस निघायला पाहिजे. हेच भाऊ परदेशात असता आणि पिंग २०० असता तर त्याच विंडोत जेमतेम अडीच एमबीपीएस निघाले असते, तेव्हा गोष्ट वेगळी.

अंदाजावर राहू नका, मोजा. आयपर्फ३ हा वेग मोजायचा प्रोग्रॅम दोन्ही कॉम्प्युटरवर टाका, एकदा टनेलमधून आणि एकदा पोर्ट ५२०१ थोडा वेळ उघडून टनेलशिवाय, दोन्ही दिशांनी, कारण भावाला फाईल येताना तुमचा अपलोड लागतो, डाउनलोड नाही. टनेलशिवाय ९० आणि टनेलमधून ८ आले की नेटवाल्याचा विषय संपला. मग यूडीपी करा, तरी सीपीयू भरलेलाच असेल तर टनेल राऊटरवरून काढून सर्व्हरवरच चालवा. त्याच्या प्रोसेसरला बहुधा एईएस-एनआय (एईएससाठीची हार्डवेअरमधली सोय) असतंय, वेगळा खर्च नाही. ओपनव्हीपीएनऐवजी वायरगार्ड हा दुसरा टनेल घेतलात तर अजून बरं, त्यातली चाचा२० ही एन्क्रिप्शनची पद्धत अशा हार्डवेअरशिवाय पण चपळ चालते, आणि लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) ते २०२० पासून आहेच.

प्रश्न : मी जयसिंगपूरहून घरून काम करते. वायरगार्ड जोडलं की पिंग चांगला, चॅट चालतं, पण मोठी फाईल टाकली की काहीच हलत नाही. काय असेल?

उत्तर : ताई, बारीक पॅकेट जातंय आणि मोठं अडकतंय, म्हणजे एमटीयू (एका पॅकेटचा जास्तीत जास्त आकार) बघा. वायरगार्ड आपलं पॅकेट १४२० बाइटचं धरतं, टनेल आयपीव्ही६ (इंटरनेटच्या पत्त्यांची नवी पद्धत) वरून गेला की त्यावर ८० ची भर, झाले बरोबर १५००, नेहमीच्या लाइनीची मर्यादा. पण तुमचं फायबर पीपीपीओई वर (युजरनेम-पासवर्ड टाकून जोडायची पद्धत) असेल तर ८ बाइट तिथंच जातात आणि वाट १४९२ चीच उरते. "पॅकेट मोठं झालं" हा निरोप आयसीएमपीतून (नेटवर्कच्या सूचना देणाऱ्या पॅकेटमधून) मागं यायला पाहिजे, तो मध्येच कुणी अडवला की पाठवणाऱ्याला कळतच नाही. वायरगार्डच्या सेटिंगमध्ये एमटीयू १४१२ लिहा, तरी अडकलं तर १२८० करून बघा आणि चाललं की हळूहळू वर न्या. ऑफिसच्या आयटीवाल्यांना त्यांच्या बाजूला एमएसएस क्लॅम्पिंग (टीसीपीचे तुकडे आधीच लहान ठेवायची सोय) चालू करायला सांगा, म्हणजे तुमच्यासारख्या बाकीच्यांचं पण सुटेल.