परभणीत राहतो, बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) ३१, शुगरची ग्लिमेपिराइड गोळी चालू आहे. वजन कमी करायची सुई घ्यावी का?

विचार करायला हरकत नाही. आपल्याकडे बीएमआय २७ च्या वर, किंवा शुगर-बीपी असेल तर २५ च्या वर औषधाचा विचार करतात.

वजनाच्या सुईतलं एक औषध म्हणजे टिर्झेपेटाइड. ते आठवड्यातून एकदा २.५ मिग्रॅने सुरू होतं, चार आठवड्यांनी ५. घाईनं डोस वाढवला की मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता. सोबत ग्लिमेपिराइड आहे तसंच ठेवलं तर शुगर एकदम खाली जाऊ शकते. त्याचा डोस आधी डॉक्टरांकडून कमी करून घ्या. स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल तर ते आधीच सांगा. घरात कुणाला मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर झालेला असेल तर ही सुई नकोच.

परभणीत खरी अडचण मे महिन्याची. ही सुई पेनमध्ये भरून येते; न उघडलेलं पेन २ ते ८ अंशांत लागतं आणि वापरातलंही ३० च्या वर चालत नाही. लाइट गेली की फ्रिज उघडू नका. मेडिकलवरून आणताना थर्मासमध्ये बर्फ ठेवा, पण पेन कापडात गुंडाळून. गोठलेलं पेन फेकूनच द्यावं लागतं. उन्हाळ्यात उलट्या थांबेनात तर किडनीवर ताण येतो, लगेच दवाखाना गाठा.

भूक मरते म्हणून नुसत्या अर्ध्या भाकरी-ठेच्यावर राहू नका, स्नायू झडतात. वरण, अंडी, दही आधी खा, भाकरी नंतर. सुई बंद केल्यावर बहुतेकांचं वजन परत चढतं, तेव्हा वर्षभराचा खर्च झेपेल का ते सुरू करण्याआधीच बघा.