हमरस्ता, महामार्ग आणि रहदारी

अक्कलकोटकडच्या एका शाळेत मराठी शिकवणाऱ्या बाईंचा प्रश्न आला आहे. नववीतल्या मुलाने निबंधात लिहिलं: "हायवे म्हणजे जमिनीपासून उंच बांधलेला रस्ता, म्हणून त्याला महामार्ग म्हणतात. हमरस्ता, राजमार्ग, राष्ट्रीय महामार्ग हे त्याचे समानार्थी शब्द होत." यातलं बरोबर किती, असं बाई विचारतात. शिवाय शिक्षकांच्या खोलीत या निबंधावरून जी चर्चा रंगली तीही त्यांनी जोडली आहे. हायवे ही अमेरिकेची नक्कल आहे, दर पाच मैलांतला एक मैल युद्धात विमान उतरावं म्हणून सरळ ठेवतात, आणि सोलापूरच्या रस्त्यांचे नंबर कुणीतरी उगीच बदलले, असे तीन मुद्दे त्यात आहेत.

आधी उंचीचं. इंग्रजीतला हा 'हाय' मापाचा नाही, मानाचा आहे. हायकोर्ट म्हणजे माळ्यावर भरणारं कोर्ट नव्हे. इंग्लंडातल्या गावात 'हाय स्ट्रीट' म्हणजे तिथली मुख्य पेठ, ती उतारावर असली तरी हायच. तसा हायवे म्हणजे मुख्य वाट, आणि शब्द थेट जुन्या इंग्रजीतला आहे. रोमन लोकांनी ब्रिटनमध्ये भराव घालून रस्ते बांधले, ते आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वर असत, म्हणून 'उंच तो हायवे', ही व्युत्पत्ती तिकडेही हौसेने सांगितली जाते. आपल्या पोराला ती उड्डाणपुलांमुळे पटली असणार. त्याला फार बोलू नका.

पण खरी गंमत त्या शब्दाच्या कायद्यातल्या अर्थात आहे. इंग्लंडच्या कायद्याने हायवे म्हणजे जिच्यावरून कुणालाही जाण्यायेण्याचा हक्क आहे अशी वाट. रुंदीचा, डांबराचा, वेगाचा काही संबंध नाही. दोन शेतांमधून जाणारी पायवाटसुद्धा तिथे कायद्याने हायवे असू शकते. आपल्याकडे तहसील कचेरीत 'वहिवाटीचा रस्ता' म्हणून जे खटले चालतात, त्यांच्या मुळाशी हाच विचार आहे: वाट कुणाच्याही बांधावरून जावो, तिच्यावरून जाण्याचा लोकांचा हक्क कुणाला बुजवता येत नाही.

आणि इथे आपला हमरस्ता येतो. या शब्दाची फोड दोन तऱ्हांनी करतात. काहींना त्यात फारसी 'हम' दिसतो, म्हणजे सह, एकत्र. दुसरी फोड 'आम' रस्ता, म्हणजे सार्वजनिक रस्ता. दिवाण-ए-आम मधला किंवा आमसभेतला तो आम. माझं मत स्पष्टपणे दुसऱ्या बाजूला आहे, आणि कारण व्याकरणाचं आहे. फारसी 'हम' ज्या शब्दाला लागतो त्यातून ती गोष्ट वाटून घेणारा माणूस तयार होतो. हमदर्द म्हणजे दुःखातला वाटेकरी, हमराह म्हणजे वाटेतला सोबती. त्या हिशेबाने हमरस्ता हा प्रवासी व्हायला हवा होता, रस्ता नव्हे! उलट हिंदीत आजही खासगी जागेच्या फाटकावर 'यह आम रास्ता नहीं है' अशी पाटी असते. मग 'ह' कुठून आला? आपल्या खेड्यातल्या बोलीत ऐका. अंथरुणाचं हातरूण होतं, तिथे 'ह' कुणी मागितला होता? तोंडाला सोपा वाटला, आला. तेव्हा कायद्यातल्या हायवेला मराठीत सगळ्यात जवळचा शब्द हमरस्ता हाच. दोन्हींच्या पोटात एकच गोष्ट आहे: कुणीही जावं.

राजमार्ग आणि महामार्ग या दोन्ही शब्दांची घडण संस्कृतातली. पण मराठीने त्यांची कामं वाटून दिली आहेत. हिंदीत पाटीवर 'राष्ट्रीय राजमार्ग' असतं, आपल्याकडे 'राष्ट्रीय महामार्ग'. मराठीतला राजमार्ग पाटीवरून उतरून भाषणात गेला. 'यशाचा राजमार्ग' वगैरे. त्यावरून कुणी ट्रक नेत नाही. तेव्हा मुलाच्या यादीतून राजमार्ग मी अर्ध्या गुणाने वगळेन.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नगररचनेच्या भागात रस्त्यांची मापं दिली आहेत, ती वाचायला मजा येते. राजमार्ग आठ दंड रुंद, म्हणजे ढोबळ मानाने चौदा-पंधरा मीटर. आजच्या चौपदरी रस्त्याचा डांबरी भाग साधारण एवढाच भरतो. मग उतरत्या क्रमाने हत्तीची वाट, रथाची वाट, गुराढोरांची वाट, आणि शेवटी शेळ्यामेंढ्या आणि माणसं यांची मिळून एक वाट, फक्त दोन हात रुंद. माणसाला शेळीच्या रांगेत बसवणारा हा हिशेब रस्ते बांधणाऱ्यांनी अजून सोडलेला नाही, असं सर्व्हिस रोड नसलेल्या गावातल्या कुणालाही वाटेल. त्याच सूत्रात 'राष्ट्रपथ' हा शब्दही समासातून निघतो. पण तिथलं राष्ट्र म्हणजे देश नव्हे, नगराबाहेरचा मुलूख. राष्ट्रीय महामार्ग चाणक्याने शोधला असा निरोप फिरायच्या आत हे सांगून ठेवतो.

आता 'राष्ट्रीय'. हा शब्द रस्त्याचं वर्णन करत नाही, रस्त्याचा धनी सांगतो. राष्ट्रीय महामार्ग हा बांधून होत नाही, घोषित होऊन होतो. घटनेच्या केंद्र सूचीत तेविसावी नोंद आहे: संसदेने कायद्याने राष्ट्रीय महामार्ग म्हणून जाहीर केलेले महामार्ग. म्हणजे काल जिल्हा मार्ग असलेला, खड्ड्यांनी भरलेला रस्ता आज अधिसूचना निघाली की राष्ट्रीय होतो, खड्ड्यांसकट. उलट बाजूने पाहा: मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, नवाकोरा, प्रवेश नियंत्रित, पण तो राज्याने बांधला आहे, राष्ट्रीय महामार्ग नाही. तेव्हा 'मोठा आणि गुळगुळीत म्हणजे राष्ट्रीय' हे समीकरण चूक.

अमेरिकेच्या नकलेचा समज कुठून आला असेल याचा अंदाज करता येतो. तिकडे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या सहीने महामार्गांचा मोठा कायदा झाला तो जून १९५६ मध्ये, आणि आपला राष्ट्रीय महामार्ग कायदाही १९५६ चाच. साल एकच, मग एकाने दुसऱ्याचं पाहिलं असणार, असं गणित. पण आपल्याकडची वर्गवारी त्याच्या बरीच आधीची, आणि तिचं गाव नागपूर. १९४३ मध्ये तिथे प्रांतोप्रांतीच्या मुख्य अभियंत्यांची परिषद भरली आणि तिने रस्त्यांची उतरंड ठरवली: राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा रस्ते, गावरस्ते. प्रांतांची राज्यं झाली, बाकी ती उतरंड अजून आपल्या बोलण्यात आहे. त्याही मागे गेलात तर १९२७ ची रस्ते समिती भेटते. अध्यक्ष होते मुकुंदराव जयकर. रस्ते ही फक्त प्रांतांची जबाबदारी नाही, केंद्राने त्यासाठी पेट्रोलवर जादा कर लावून वेगळा निधी उभारावा, ही शिफारस त्या समितीची. तसा निधी १९२९ मध्ये सुरूही झाला. पंपावर पावती हातात आली की ज्याला शिव्या घालतो तो कर रस्त्याच्या नावाने पहिल्यांदा मागणारा माणूस मराठी होता. हे अभिमानाने सांगायचं की हळूच, ते ज्याचं त्याने ठरवावं.

विमानाचं लवकर उरकतो. पाचातला एक मैल सरळ ही अमेरिकेतली दंतकथा आहे, तिथेही असा नियम कधी नव्हता. आपल्याकडे फिरत येताना तिने फक्त कपडे बदलले. टेंभुर्णी ते मोहोळ रस्ता सरळसोट वाटतो तो मुलूख सपाट आहे म्हणून. महामार्गावर विमान उतरवण्याची सोय भारतात खरंच आहे, पण ती जागा निवडून मुद्दाम करावी लागते. राजस्थानात बाडमेरकडे ९२५-अ क्रमांकाच्या महामार्गावर ३ किलोमीटरचा तसा पट्टा २०२१ मध्ये सुरू झाला.

नंबरांबद्दलची तक्रार मात्र मला समजते. पुणे-हैदराबाद रस्ता म्हणजे ९ नंबर, हे पिढ्यांच्या तोंडात बसलेलं. विजापूरकडे १३, तुळजापूर-बीडवरून धुळ्याकडे २११. हे आकडे २०१० च्या अधिसूचनेनंतर बदलले, पण उगीच नाही. नव्या पद्धतीत आकडाच दिशा सांगतो. उत्तर-दक्षिण जाणाऱ्यांना सम आकडे, ते पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढतात. पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना विषम, ते उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढतात. म्हणून काश्मीरकडे १ आणि रामेश्वरला ८७. सोलापुरात उभं राहून हे पडताळता येतं. पुण्याहून हैदराबादकडे जाणारा ६५, विषम, आडवा. तुळजापूरकडून विजापूरकडे जाणारा ५२, सम, उभा. पूर्वी इथे भेटणारे दोन वेगळे रस्ते आता पंजाबातल्या संगरूरपासून कर्नाटकातल्या अंकोल्यापर्यंत एका नावाने जातात. तीन आकडी नंबर असला तर शेवटचे दोन आकडे मूळ रस्त्याचे. मोहोळहून पंढरपूरकडे निघणारा पालखी मार्ग ९६५, म्हणजे ६५ ची फांदी. सांगोला-मंगळवेढ्यावरून येणारा १६६ हा कोकणातल्या ६६ चा. आणि अमेरिकेत हाच नियम बरोबर उलटा आहे, तिथे उभ्या रस्त्यांना विषम आकडे. नक्कलच करायची असती तर निदान सरळ तरी केली असती.

सोलापूरकर मात्र आकडा वापरतच नाही, तो गाव वापरतो. विजापूर वेस, विजापूर नाका, विजापूर रोड ही तीन नावं नकाशावर बोट ठेवून वाचा. वेस म्हणजे जुन्या शहराची हद्द, नाका म्हणजे जकात घ्यायची पुढची हद्द, रोड म्हणजे त्याच्याही पुढे वाढलेलं शहर. तुळजापूर वेस आणि तुळजापूर नाका यांचंही तेच. एकाच वाटेवर शहर तीनदा वाढलं आणि प्रत्येक वेळी शब्द नवा आला, गावाचं नाव तेच राहिलं. आता त्याच्याही बाहेर 'बायपास' आला आहे. त्याला 'बाह्यवळण' म्हणतात ते फक्त पाटी रंगवणारे.

बाईंनी विचारला नाही तरी एक शब्द सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण तो सोलापुरातच नीट कळतो. रहदारी. मूळ फारसी 'राहदारी'. राहदार म्हणजे वाटेचा राखणदार, आणि राहदारी म्हणजे त्या राखणीबद्दल वाटसरूकडून घेतलेली रक्कम. थोडक्यात टोल. औरंगजेबाने गादीवर आल्यावर राहदारी माफ केल्याचं फर्मान काढलं होतं. त्यातून परवान्याचा अर्थ निघाला: पैसे भरले, आता जा. जुन्या मराठीत रहदारी म्हणजे जाऊ द्यावं असा कागदही होता; पुढे कागद गेला आणि नुसतं जाणंयेणं उरलं. आज आपण रहदारी म्हणतो ती हॉर्न वाजवणारी. कन्नडने मधला अर्थ धरून ठेवला, तिथे रहदारी म्हणजे परवाना. तेलुगूत तर रस्ताच रहदारी झाला: राष्ट्रीय महामार्ग म्हणजे 'जातीय रहदारि'. वाट या अर्थाचा 'दारि' हा शब्द तेलुगूत आधीच होता, त्यामुळे फारसी पाहुणा तेलुगू कानाला घरचाच वाटला असावा.

सोलापूरहून हैदराबादकडे निघालात तर हे ६५ नंबरवर वाचत जाता येतं. नळदुर्ग, उमरग्यापर्यंत 'राष्ट्रीय महामार्ग'. पुढे हुमनाबादकडे कर्नाटक लागलं की 'राष्ट्रीय हेद्दारि', म्हणजे सरळ कन्नडमध्ये मोठी वाट. जहिराबादला तेलंगण आलं की 'जातीय रहदारि'. पूर्वभागातल्या पद्मशाली घरांत तेलुगू, अक्कलकोट रोडला कन्नड, नवी पेठेत मराठी, असं सगळं एका शहरात ऐकणाऱ्याला हे तीन शब्द काही परके नाहीत.

आता वर्गात सांगण्यासारखं. क्रमांक किंवा सरकारी मालकी सांगायची असेल तेव्हा राष्ट्रीय महामार्ग. गावातून जाणारा, सगळ्यांच्या पायाखालचा मोठा रस्ता म्हणजे हमरस्ता. जिथे दुचाकी, रिक्षा, बैलगाडी यांना मनाई आहे त्या द्रुतगती महामार्गाला मात्र हमरस्ता म्हणू नये, शब्दाशी बेइमानी होते. हंगामात कारखान्याकडे निघालेली उसाची बैलगाडी आणि दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर ज्यावरून हक्काने जातो, तो हमरस्ता.

आणि 'हायवे' लिहिलं म्हणून गुण कापू नका. तो मराठीने पुरता आपलासा केला आहे. सडक आणि वाट स्त्रीलिंगी, पण हायवे 'तो', कारण रस्ता आणि मार्ग 'तो'. अनेकवचनातही तो हायवेच राहतो. इतकंच काय, 'रस्त्याला लागणे' या जुन्या वाक्प्रचारात तो सहज शिरला: घरून निघालेला माणूस "हायवेला लागलो की फोन करतो" असंच म्हणतो, 'महामार्गास लागलो की' असं म्हणणारा अजून मला भेटलेला नाही.