आतड्याला भोक पडलंय का हो, बाई?

प्रश्न : नमस्कार डॉक्टरबाई. मी पोयनाडजवळच्या गावात राहते, वय ४१. आमची छोटी खानावळ आहे. दिवाळीपासून पोट बिघडलंय. दिवसातून पाच-सहा वेळा जावं लागतं, आव पडते, कधी पहाटे तीनला झोपेतून उठून धावावं लागतं. हिमोग्लोबिन ८.९ होतं, तीन महिने लोहाच्या गोळ्या घेऊनही ९ च्या वर गेलं नाही. गुडघे आणि घोटे सुजतात. त्यासाठी मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅकची गोळी रोज दुपारच्या गर्दीआधी घेते, नाहीतर चुलीपाशी उभं राहवत नाही. जावेच्या ओळखीच्या एका आहारसल्लागाराने ‘लीकी गट’ आहे असं सांगितलं, म्हणजे आतड्याला बारीक भोकं पडून विष रक्तात उतरतं म्हणे. झोन्युलिन नावाची तपासणी करायला लावली, ती ‘जास्त’ आली. तेव्हापासून गहू, दूध, डाळी बंद. पावडरचे तीन डबे घेतले, ६,४०० रुपये. एक संपला. आता मालकही रोज चमचाभर घेतात, म्हणतात घरात आहे तर फुकट का घालवायची. खरंच भोक पडलंय का? आणि पोटामुळे सांधे दुखतात म्हटलं तर मला वेड्यात काढतील का?

उत्तर : ताई, कोणी वेड्यात काढणार नाही. उलट आव आणि घोटे एकाच पत्रात लिहिलेत, तिथेच माझं निम्मं काम झालं. माझ्याकडे येणारे लोक गुडघा हाडांच्या डॉक्टरला दाखवतात, पोट मला आणि अशक्तपणा ग्रामदेवतेला.

भोक नाही. पण तुम्ही पोयनाडकडच्या, तेव्हा खारबंदिस्ती मी तुम्हाला समजावण्याची गरज नाही. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला भाताची खाचरं, मध्ये मातीचा बांध आणि बांधात उघाडी. भरतीला दार मिटायचं, ओहोटीला उघडून शेतातलं पाणी बाहेर सोडायचं. आतड्याचं अस्तर असंच आहे, फक्त हा बांध जेमतेम एका पेशीइतका जाड. या पेशी तीन ते पाच दिवसांत झडतात आणि नव्या येतात, म्हणजे डागडुजी बारा महिने चालू. दोन पेशींच्या मध्ये बारीक उघाड्या असतात, त्या मिटतात-उघडतात. त्या थोड्या उघडणं हा दोष नाही, ते रोजचं काम आहे. वरून बुळबुळीत चिकाचा थर, आतल्या बाजूला प्रतिकारशक्तीचे राखणदार.

झोन्युलिन हे या उघाड्या सैल करणारं प्रथिन. अलेस्सिओ फसानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते २००० साली पुढे आणलं, तेव्हा ते सेलिअ‍ॅक या गव्हाच्या आजाराचा माग काढत होते. हे संशोधन चांगलंच आहे. पण बाजारात त्या नावाने विकले जाणारे तपासणीचे संच नेमकं तेच प्रथिन मोजत नाहीत, हे नंतर दिसून आलं. तेव्हा तुमचा तो ‘जास्त’चा कागद फायलीत राहू द्या, त्याच्यावर औषध ठरवू नका.

‘लीकी गट’ या नावावर माझा राग आहे तो एवढ्यासाठीच. ते चूक नाही, अर्धवट आहे. बांध झिरपतोय हे कळलं. कशाने, ते कुठे कळलं? खेकड्यांनी पोखरलाय, उधाणाने खांड पाडली, की डागडुजीच थांबली? खांड पडलेल्या बांधावर कोणी पावडर टाकत नाही.

आता दाह. आतड्याला दाह झाला की उघाड्या सैल होतात, जंतूंचे तुकडे आत शिरतात, राखणदार आणखी आरडाओरडा करतात, त्याने उघाड्या आणखी सैल. आधी काय, खांड की पूर? क्रोन्स या आतड्याच्या जुनाट दाहाच्या आजाराच्या रुग्णांच्या निरोगी भावंडां-मुलांवर बरीच वर्षं लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास २०२० साली आला. ज्यांचं आतडं आधीपासून जास्त झिरपत होतं, त्यांना पुढे आजार होण्याचं प्रमाण अधिक दिसलं. म्हणजे काहींत तरी झिरपणं आधी. पण त्यावरून ‘बांध लिंपला की आजार टळतो’ असं ठरत नाही, आणि ते सिद्ध करणारी पावडर अजून निघालेली नाही.

तुमच्या हिमोग्लोबिनचं कोडं इथेच सुटू शकतं. शरीरात कुठेही दाह असला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक जास्त सोडतं आणि ते आतड्यातून लोह रक्तात यायची वाटच अडवतं. गोळी पोटात जाते, लोह रक्तात पोचत नाही. शिवाय आवेबरोबर नकळत रक्त जात असेल तर ती गळती वेगळीच. म्हणून गोळ्यांचा ब्रँड बदलून उपयोग नाही. सांध्यांचंही तसंच. आतड्याच्या दाहात गुडघे, घोटे सुजतात तेव्हा ते बऱ्याचदा पोटाच्या तालावर चालतात, पोट शांत झालं की तेही उतरतात. कंबर मात्र स्वतःच्या मर्जीची. सकाळी उठताना पाठ लाकडासारखी होत असेल आणि कामाला लागल्यावर मोकळी होत असेल तर डॉक्टरांना वेगळं सांगा. डोळे लाल होऊन दुखणं, नडगीवर दुखऱ्या लाल गाठी, तोंडात वरचेवर फोड, यातलं काही असेल तर तेही.

आणि ती दुपारची गोळी. तुमच्या बांधातला पहिला खेकडा मला तीच वाटते. दुखण्यावरच्या गोळ्यांनी जठराला व्रण होतो हे लोकांना माहीत असतं, म्हणून सोबत अ‍ॅसिडिटीची गोळी घेतात आणि निर्धास्त होतात. २००५ साली ४० निरोगी माणसांना १४ दिवस डायक्लोफेनॅक आणि जोडीला अ‍ॅसिडिटीचं औषध दिलं आणि गिळायच्या कॅमेऱ्याने लहान आतडं तपासलं. ६८ टक्क्यांच्या आतड्यात नव्या इजा होत्या. अवघे १४ दिवस! तुम्ही तर रोज घेताय. आतड्यामुळे सांधे, सांध्यांसाठी गोळी, गोळीने पुन्हा आतडं. डॉक्टरांना भेटेपर्यंत ती बंद ठेवा, अगदीच निभत नसेल तर पॅरासिटामॉल. खानावळीत बसायला एक उंच स्टूल घ्या, भाकऱ्या बसूनही थापता येतात.

पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात : पहाटे तीनला उठावं लागतं. नुसतं ताणाने बिघडणारं पोट सहसा माणसाला झोपेतून उठवत नाही. त्यात आव आणि न चढणारं रक्त. म्हणून पुढच्या आठवड्यातच अलिबागला पोटाच्या डॉक्टरांना दाखवा. मलाची एक तपासणी असते, कॅलप्रोटेक्टिन. दाह असला की पांढऱ्या पेशी आतड्यात उतरतात आणि त्यांच्यातलं हे प्रथिन मलात सापडतं. ५० च्या आत आलं तर आतड्याला दाह असण्याची शक्यता फार कमी. मात्र दुखण्यावरच्या गोळ्यांनीही ते वाढतं, तेव्हा गोळीचं लपवू नका. वाढलेलं असेल तर दुर्बिणीने मोठं आतडं पाहतील, तपासायला अस्तराचा बारीक तुकडा काढतील. या तुकड्याला नाही म्हणू नका.

का, ते माझ्याच चुकीवरून सांगते. २००९ साली रेवदंड्याकडचा एक पोरगा माझ्याकडे यायचा, होडीवर खलाशी. पोटात मुरडा, आव. मी मेट्रोनिडॅझोल हे आवेवरचं औषध दिलं, चार दिवस बरं. पुन्हा आला, पुन्हा तेच दिलं. तिसऱ्यांदा तपासायला शर्ट वर केला तर कमरेच्या पट्ट्याला खिळ्याने पाडलेली तीन नवी भोकं. वजनकाटा माझ्या टेबलाखालीच होता, मी त्याला एकदाही त्यावर उभा केला नव्हता. मुंबईला पाठवला, आतड्याचा टीबी निघाला. औषधाने पोरगा सुधारला, आता त्याची स्वतःची होडी आहे आणि अधूनमधून पापलेट पाठवून मला लाजवतो. आपल्याकडे आतड्याचा टीबी आणि क्रोन्स इतके सारखे दिसतात की तज्ज्ञही अडखळतात, आणि क्रोन्स समजून टीबीवर दाह दाबणारं स्टेरॉइड दिलं तर आग भडकते. सरकारी दवाखान्यात टीबीची औषधं फुकट मिळतात, पण आधी निदान हवं.

गव्हाचं एक. सेलिअ‍ॅकची रक्ततपासणी गहू खात असतानाच खरी येते. तुम्ही तो बंद केलाय, तेव्हा ती करायचं ठरलं तर डॉक्टरांना विचारून निदान सहा आठवडे पोळी सुरू करावी लागेल. तुमच्याकडे तांदळाची भाकरी जास्त, म्हणून लक्षात आलं नसेल. डाळी मात्र उगाच सोडल्यात.

प्रश्न : पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा, खाल्ल्यावर पोट फुगतं. आतड्याला सूज येते का? वाल सोडू का? (रोहा)

उत्तर : सूज नाही, वायू. आपल्याला न पचणारा वालाचा भाग मोठ्या आतड्यातले जंतू खातात, त्यातून वायू होतो आणि ब्युटिरेट नावाचं आम्लही, जे तिथल्या पेशींचं मुख्य इंधन. उंदरांवरच्या २०१६ च्या एका प्रयोगात चोथाच बंद केला, तर उपाशी जंतू अस्तरावरचा चिकाचा थर खाऊ लागले. कुंपण शेत खातं म्हणतात, इथे शेतच कुंपण खायला निघालं. तेव्हा मडक्यातल्या भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास घेत पोपटी खा, फक्त मडकं एकट्याने संपवू नका. आतडं अरुंद झालंय असं कोणाला डॉक्टरांनी सांगितलं असेल तर त्यांनी मात्र वाल आधी विचारून.

ता. क. पोयनाडच्या ताईंना : डब्यावर काय लिहिलंय ते वाचा आणि डबा डॉक्टरांकडे सोबत न्या. अशा पावडरींत जेष्ठमध असण्याचा संभव असतो, त्याने रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं. मालकांना बीपीची गोळी चालू असेल तर त्यांचा तो फुकटचा चमचा आजच बंद करा.