'शोषणपट' म्हणावं का?

प्रश्न असा आहे की जुन्या अमेरिकन 'एक्सप्लॉयटेशन फिल्म्स'ना (म्हणजे सनसनाटी विषयांवरच्या स्वस्तातल्या पिक्चरांना) कुठल्यातरी लेखात 'शोषणपट' म्हटलंय, तर तो शब्द बरोबर का. मला विचाराल तर नको. शोषणपट म्हटलं की डोळ्यांपुढे वेठबिगार येतो, सावकार येतो, पाटलाचा वाडा येतो, आणि बघायला बसावं तर निघतो कोकेन विकणारा हिरो, लांबलचक कोट आणि कर्टिस मेफिल्डची गाणी (सुपर फ्लाय, १९७२, आणि ती गाणी पिक्चरपेक्षा भारी आहेत हे माझं मत).

गोची अशी की डिक्शनरीत एक्सप्लॉयटेशन म्हणजे शोषण, पण हा शब्द आलाय सिनेमाच्या धंद्यातून, आणि तिथे १९२० च्या आसपास एक्सप्लॉयटेशन म्हणजे सरळ सरळ जाहिरातबाजी. पोस्टर, मिरवणूक, थेटराबाहेर काहीतरी तमाशा, आपल्याकडे जत्रेत तंबू थेटरवाले लाउडस्पीकर लावून गावभर ओरडत फिरायचे ना, तसलंच. ज्या पिक्चरात ना स्टार ना पैसा तो नुसत्या बोभाट्यावर खपवायचा, म्हणून तो एक्सप्लॉयटेशन पिक्चर. फ्रेंचांकडे तर आजही सिनेमाच्या संदर्भात एक्सप्लॉयटेशन म्हणजे थेटर चालवण्याचा धंदा, शोषणाचा वासही नाही.

याचा बाप नमुना म्हणजे १९४५ चा 'मॉम अँड डॅड'. क्रोगर बॅब नावाचा निर्माता, विषय लग्नाआधी दिवस गेलेली मुलगी, आणि आत बाळंतपणाची खरी दृश्यं. शो बायकांचे वेगळे, पुरुषांचे वेगळे. मध्येच 'एलियट फोर्ब्स' नावाचे लैंगिक आरोग्याचे तज्ज्ञ स्टेजवर येऊन भाषण ठोकणार आणि मग पुस्तिका विकायला काढणार. आता गंमत म्हणजे असा कोणी फोर्ब्स नव्हताच, एकाच वेळी वेगवेगळ्या गावांत वेगवेगळे फोर्ब्स भाषण देत असायचे! यात शोषण कोणाचं म्हणायचं, झालंच तर तिकीट काढणाऱ्याचं.

पण एका ठिकाणी मला माघार घ्यावी लागते. 'ब्लॅक्सप्लॉयटेशन' (म्हणजे कृष्णवर्णीय नायक-नायिकांचे, 'सुपर फ्लाय'सारखे एक्सप्लॉयटेशन पिक्चर) हा शब्द १९७२ मध्ये ज्युनियस ग्रिफिन यांच्यामुळे चालू झाला असं मानतात, ते तेव्हा एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेच्या हॉलिवूड शाखेचे प्रमुख होते. आमची माणसं पडद्यावर कायम दलाल नाहीतर गर्द विकणारे, आणि गल्ला स्टुडिओंचा, अशी तक्रार होती, म्हणजे तिथे अर्थ शोषण हाच, आणि तोही आरोप म्हणून. पुढे चाहत्यांनी तो आरोपच प्रेमाचं लेबल करून टाकला. या पिक्चरांतली नटी पॅम ग्रिअर, तिच्या पिक्चरांवर जीव टाकणारे (त्यात मी आलो) आता तो शब्द अगदी कौतुकाने वापरतात. तिचा १९७३ चा 'कॉफी' जरूर बघा, कॉफी हे नायिकेचं नाव आहे, पेयाशी संबंध नाही, ती नर्स असते आणि बहिणीला ड्रग्जच्या नादी लावणाऱ्यांना एकेक करून गाठते. मारामाऱ्या ओबडधोबड आहेत, पण बाई अशी वावरते की नजर हलत नाही.

मग मराठीत काय म्हणायचं? आपल्याकडे नेमका वाक्प्रचार आहे की, एखाद्या गोष्टीचं भांडवल करणं. लोकांच्या भीतीचं भांडवल, चोरट्या कुतूहलाचं भांडवल, गाजत असलेल्या एखाद्या गुन्ह्याचं भांडवल, हे पिक्चर दुसरं काही करतच नाहीत. पण म्हणून 'भांडवलपट' करायला जाऊ नका, लोकांना गिरणीसंपावरची डॉक्युमेंटरी वाटेल. आणि माहितीपट, अनुबोधपट झाले म्हणून प्रत्येक ठिकाणी 'पट' चिकटवलाच पाहिजे असं थोडंच आहे. नाव एक्सप्लॉयटेशनच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे 'सनसनाटी विषयाचं भांडवल करणारे स्वस्तातले पिक्चर' एवढं लिहा, पुढे वाचणारा बघून घेतो. शिवाय सेक्सप्लॉयटेशन, नन्सप्लॉयटेशन (हो, नन्सचे, म्हणजे ख्रिस्ती जोगिणींचेसुद्धा आहेत) ही पिलावळ मराठीत आणायची तर मूळ शब्द हाताशी लागतोच, 'जोगीणशोषणपट' कोण म्हणणार!

राहिलं लिहायचं कसं, एक्सप्लॉयटेशन की एक्स्प्लॉयटेशन. दोन्ही चालतं, मी पहिलं लिहितो, टाइप करायला एक बटण कमी लागतं.